चाकू ऑनलाइन मागवताना पैसे कसे द्यावेत?



मे महिना संपत आला की जव्हार-मोखाडा भागातल्या पाड्यांवर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, कलमाचा चाकू मोबाईलवर मिळतो म्हणतात. मागवू का?" विचारणारा बहुधा रोपवाटिकेचे काम शिकलेला विशीतला मुलगा असतो. आंब्याचे कोय कलम बांधण्याचे दिवस मोजके असतात. पाऊस सुरू होऊन कोयीतून कोवळ्या, तांबूस पानांचे रोप वर आले की थोड्याच दिवसांत त्यावर कलमकाडी चढवावी लागते. काप स्वच्छ हवा. पाते बोथट असले की साल चिरडते, खुंट आणि काडी नीट भिडत नाहीत आणि कलम वाळते. म्हणून चाकू चांगला हवा आणि वेळेत हवा. या घाईतच पैसे बुडतात.

सगळीच हत्यारे ऑनलाइन घ्यावीत असे माझे म्हणणे नाही. कोयता तर मुळीच घेऊ नये. आपल्याकडचा माणूस कमरेच्या आकडीत कोयता अडकवून रानात जातो. त्या कोयत्याचे वजन, मुठीचा पीळ, पात्याचा वाक हे हातात धरून पाहायचे असते. आठवडी बाजारातल्या लोहाराकडे ते पाहता येते, घासाघीस करता येते, आणि पाणी कमी-जास्त झाले तर पुढच्या बाजारी तोच कोयता त्याच्यापुढे टाकता येतो. हा सगळ्यात सुरक्षित व्यवहार आहे, कारण वस्तू आणि पैसा एकाच वेळी हात बदलतात आणि विकणारा पुढच्या आठवड्यातही तिथेच बसलेला असतो. पण कलमाचा चाकू, डोळा भरण्याचा चाकू, छाटणीची कात्री, किंवा लोणच्यासाठी कैऱ्या आणि सुकवण्यासाठी फणस कापणाऱ्या बचत गटांना लागणारे स्टीलचे चाकू बाजारात मिळतातच असे नाही. ते मागवावे लागतात, आणि ते मागवण्यात काही गैर नाही.

मागवताना बहुतेक लोक चाकूचा फोटो बघतात, किंमत बघतात आणि मग जो मार्ग पडद्यावर पुढे येईल त्याने पैसे देऊन टाकतात. फोटोवरून पोलाद कळत नाही. पाते मुठीच्या आत किती खोल गेले आहे, धार किती दिवस टिकेल, हे वस्तू हातात आल्यावरच कळणार. तेव्हा मागवण्यापूर्वी स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. चाकू हातात येईपर्यंत माझा पैसा कोणाजवळ असेल? आणि चाकू आलाच नाही, किंवा भलताच आला, तर तो पैसा कोणत्या वाटेने परत येईल? पैसे देण्याच्या प्रत्येक मार्गाला ही दोन उत्तरे वेगवेगळी आहेत. सुरक्षित मार्ग कोणता, हे त्यांवरूनच ठरते.

मागच्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगते, कारण ती अनेक पाड्यांवर घडू शकते. रोपवाटिकेच्या एका गटातील बारा जणांनी प्रत्येकी दीडशे रुपये काढले. एका मुलाने फेसबुकवरची जाहिरात पाहिली होती: सहाशेचा चाकू दीडशेला, सूट फक्त आजच्यापुरती. जाहिरातीवर बोट ठेवले की एक वेबसाइट उघडे. तिच्यावर कॅश ऑन डिलिव्हरीचा पर्याय दिसत होता, पण तो दाबला की 'तुमच्या भागासाठी उपलब्ध नाही' असे येई. उरला एकच मार्ग, क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआयने पैसे भरणे. त्याने अठराशे रुपये भरले. दुसऱ्या दिवशी फोन आला की पार्सल निघाले आहे, पण धारदार वस्तू असल्यामुळे २९० रुपये सुरक्षा ठेव लागेल, ती पार्सल मिळताच परत होईल. तीही त्याने भरली. चाकू आले नाहीत. फोन लागेना. मुलगा भीतीने पाच दिवस कोणाला बोलला नाही, सहाव्या दिवशी माझ्याकडे आला. आम्ही तक्रार नोंदवली, पण तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. गटाने त्या वर्षी दाढीच्या ब्लेडने कलमे बांधली. पुढचे दोन महिने गटातल्या बायकांनी वर्गणी दिली नाही. "मोबाईलात पैसा टाकला की गेला," असे त्या म्हणत, आणि त्यांना चूक कसे म्हणायचे?

आता या व्यवहारात नेमके काय घडले ते पाहू. यूपीआय ही सोय एनपीसीआय या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केली. तिचा स्वभाव रोख पैशासारखा आहे. आपण पिन टाकला की पैसा काही क्षणांत आपल्या खात्यातून निघून समोरच्याच्या खात्यात जमा होतो. तो वाटेत कुठे थांबत नाही. ओळखीच्या किराणा दुकानात हे फार सोयीचे आहे, कारण साखर आपल्या पिशवीत आधीच पडलेली असते. पण अनोळखी माणसाला, वस्तू येण्याआधी, थेट त्याच्या क्यूआर कोडवर पैसे देणे म्हणजे बाजारात एखाद्या परक्या माणसाच्या हातात नोटा ठेवून "चाकू घेऊन ये" म्हणण्यासारखे आहे. मार्गात दोष नाही. त्या जागी तो मार्ग चुकीचा होता.

तोच यूपीआय मोठ्या बाजारपेठेच्या ॲपमधून, म्हणजे ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टसारख्या ठिकाणी, वापरला तर गोष्ट बदलते. तिथे आपला पैसा चाकू विकणाऱ्याच्या खिशात थेट पडत नाही. तो आधी मधल्या व्यवस्थेकडे जमा होतो आणि विक्रेत्याचा हिशेब नंतर होतो. वस्तू आली नाही, तुटकी आली, चित्रातल्यापेक्षा वेगळी आली, तर त्या मधल्या व्यवस्थेकडे दाद मागता येते. म्हणून 'यूपीआय सुरक्षित आहे का' असे कोणी विचारले तर मी उलट विचारते, "पैसे कोणाला जाताहेत?" पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर घेणाऱ्याचे नाव दिसते. दुकानाचे नाव एक आणि पडद्यावर भलत्याच कोणा माणसाचे नाव, असे दिसले तर तिथेच थांबावे. त्या मुलाच्या पडद्यावरही एका व्यक्तीचेच नाव आले होते.

पिनबद्दल एक वाक्य मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि बायका ते आता माझ्याआधी म्हणतात: पिन लागतो तो पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी, पैसे घेण्यासाठी कधीच नाही. क्यूआर कोडही पैसे देण्यासाठीच स्कॅन करायचा असतो. 'परतावा मिळवण्यासाठी हा कोड स्कॅन करा' असे जो सांगतो तो लबाड आहे, मग तो कितीही गोड बोलो. पूर्वी कोणीही कोणाच्याही फोनवर पैशाची मागणी पाठवू शकत असे आणि लोक ती परतावा समजून मंजूर करत. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, ते बरे झाले. फोनवरून फसवून पिन टाकायला लावणारे मात्र आहेतच.

आपल्या लोकांना सगळ्यात विश्वासाचा वाटतो तो कॅश ऑन डिलिव्हरीचा मार्ग. पार्सल दारात आले की पैसे. पहिल्यांदा मागवणाऱ्याला मीही हाच सुचवते. पैसा शेवटपर्यंत आपल्याच हातात राहतो, आणि जी वेबसाइट सगळीकडे रोख नाकारते तिच्याबद्दल शंका घ्यायला जागा मिळते. पण यालाही भोके आहेत. सहसा पैसे आधी द्यावे लागतात आणि खोके नंतर उघडायचे असते. आत चाकूऐवजी पुठ्ठा निघाला तरी कुरिअरचा मुलगा पुढच्या गावी गेलेला असतो, आणि त्याचा यात दोषही नसतो. म्हणून रोखीने घेतानाही मागणी ओळखीच्या बाजारपेठेतूनच नोंदवावी, म्हणजे परत करण्याचा हक्क राहतो. काही वस्तूंसाठी कुरिअरवाल्यासमोर खोके उघडून दाखवण्याची सोय असते. ती मिळत असेल तर घ्यावी. नाहीतर खोके उघडताना दुसऱ्याला मोबाईलवर चित्रण करायला सांगावे, पत्त्याची चिठ्ठी आधी दिसेल अशा बेताने. चाकूचे पार्सल लहान मुलांच्या हाती उघडायला देऊ नये. पाते कधी कधी वेष्टनातून बाहेर आलेले असते.

न मागवलेले पार्सल दारात आले आणि 'तुमच्या मुलाने मागवले आहे, पैसे द्या' असे कोणी म्हणाले तर घेऊ नये. घरात म्हातारे माणूस एकटे असले की ते लाजेपोटी पैसे देऊन टाकते. घरातल्यांनी आधीच ठरवून ठेवावे: कोणी मागवले ते फोनवर विचारल्याशिवाय एकही रुपया द्यायचा नाही.

पार्सल देताना कुरिअरवाला एक ओटीपी मागतो. तो खरा असतो, पण तो पार्सल हातात आल्यावर सांगायचा. त्याआधी संदेश वाचून घ्यावा. संदेशात बँकेचे नाव किंवा रक्कम खर्च होत असल्याचा उल्लेख असेल तर तो पार्सलचा ओटीपी नव्हे. तसेच 'पत्ता सापडत नाही, हा क्रमांक डायल करा' म्हणून कोणी तारांकनाने सुरू होणारा क्रमांक सांगितला तर डायल करू नये. अशाने आपले फोन दुसऱ्याच्या फोनवर वळवले जातात आणि बँकेचे फोनही त्यालाच जातात.

रोखीने घेतलेली वस्तू परत केली तर पैसा रोख मिळत नाही. त्यासाठी ॲपमध्ये आपल्या बँक खात्याचा तपशील भरावा लागतो. इथे लोक गोंधळतात आणि गूगलवर मदतीचा क्रमांक शोधतात. तिथे सापडणारे कित्येक क्रमांक ठकांनीच टाकलेले असतात. मदत नेहमी त्याच ॲपमधून मागावी जिथे मागणी नोंदवली होती. आणि ऑनलाइन दिलेल्या पैशांचा परतावा ज्या मार्गाने पैसे गेले त्याच मार्गाने आपोआप परत येतो. त्यासाठी लिंक, पिन, ओटीपी, स्क्रीन दाखवणारे ॲप यांपैकी काहीही लागत नाही.

डेबिट कार्डाबद्दल आपल्याकडे उगाच भीती आहे. जनधन खात्याबरोबर मिळालेले रुपे कार्ड कित्येक घरांत पत्र्याच्या पेटीत साडीच्या घडीखाली पडून असते. अनोळखी पण बऱ्यापैकी वाटणाऱ्या दुकानातून, समजा बागकामाची हत्यारे विकणाऱ्या एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, घ्यायचे असेल आणि तिथे रोखीची सोय नसेल, तर थेट यूपीआयपेक्षा कार्ड बरे. कारण असे की कार्डाने दिलेल्या पैशाबद्दल, वस्तू मिळाली नाही तर, आपल्या बँकेकडे वाद नोंदवता येतो. बँक कार्डाच्या जाळ्यातून दुकानदाराच्या बँकेकडे विचारणा करते आणि दुकानदाराला वस्तू पोहोचवल्याचा पुरावा द्यावा लागतो. याला चार्जबॅक म्हणतात. तो आपोआप मिळत नाही. अर्ज, बिल, संदेशांचे फोटो द्यावे लागतात आणि मुदतीत द्यावे लागतात. तरी वाट असते. नव्या कार्डावर ऑनलाइन वापर सुरुवातीला बंद असतो, हा रिझर्व्ह बँकेचा २०२० सालचा नियम आहे. खरेदीपुरता तो चालू करावा, मर्यादा ठेवावी आणि काम झाले की पुन्हा बंद करावा. कार्डाचा क्रमांक दुकानाने साठवून ठेवू नये असाही नियम १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू आहे. त्यामुळे कोणी फोनवर 'कार्डाचा फोटो पाठवा, आम्ही नोंद करतो' म्हणाले तर तो दुकानदार नव्हे.

थेट बँक खात्यात पैसे पाठवा, असे सांगणाऱ्या चाकूविक्रेत्यांबद्दल फार लिहायला नको. व्हॉट्सॲपवर सुंदर चाकूंचे फोटो येतात, 'दमास्कस' पोलाद, हरणाच्या शिंगाची मूठ वगैरे. मागे खाते क्रमांक येतो. कधी कधी असेही सांगतात की बाजारपेठेच्या ॲपवर चाकू विकायला बंदी आहे, म्हणून बाहेर पैसे द्या, स्वस्तही पडेल. स्वयंपाकघराचे आणि शेतीचे चाकू त्या ॲपवर उघडपणे विकले जातात, हे कोणीही शोधून पाहू शकतो. बाहेर बोलावण्याचा हेतू एवढाच की मधली व्यवस्था नको, म्हणजे दादही नको.

कायद्याचा प्रश्न तरुण मुले विचारतात म्हणून थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र धरल्या जात नाहीत. कलमाचा चाकू, विळा, स्वयंपाकाचा चाकू यांत बसतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची हत्यारे वगळली आहेत. शोभेच्या नावाखाली विकले जाणारे खंजीर आणि तलवारी मागवू नयेत. ते पार्सल अडकले तर पैसा जाईल, आणि पोलीस चौकीत ज्याला बसावे लागेल तो पाड्यावरचा मुलगा असेल. परदेशी वेबसाइटचाही विचार सोडावा. जकातीत अडकलेला चाकू सोडवण्यासाठी किंवा परत पाठवण्यासाठी चाकूच्या किमतीहून जास्त खर्च येतो.

दुकान खरे आहे का हे पाहण्याच्या दोन-तीन साध्या खुणा आहेत. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसते म्हणून दुकान प्रामाणिक ठरत नाही. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की आपण पाठवलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही. ती पोहोचते ती ठकाकडेही पोहोचू शकते. त्याऐवजी वेबसाइटच्या तळाशी जावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव दाखवायचे असते. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो आणि कोणाच्या नावे आहे ते कळते. वेबसाइटवर पत्ता नाशिकचा, क्रमांक दुसऱ्याच राज्यातल्या कापडाच्या दुकानाचा, असे दिसले की पुढे जाऊ नये. हे सारे तपासायला दहा मिनिटे लागतात. 'सूट फक्त आज' ही पाटी ती दहा मिनिटे मिळू नयेत म्हणूनच लावलेली असते.

आता गटांविषयी. बचत गटाचे खाते दोन सह्यांवर चालते आणि अशा खात्याला सहसा यूपीआय जोडता येत नाही. म्हणून कोणातरी एका ताईच्या किंवा तिच्या मुलाच्या फोनवरून पैसे जातात आणि नंतर हिशेबाचा गुंता होतो. आमच्या कार्यक्षेत्रातल्या काही गटांनी आता एक पद्धत बसवली आहे, ती मला पटते. आधी बैठकीत ठराव लिहायचा: काय घ्यायचे, किती नग, जास्तीत जास्त किती रुपये, कोण मागवणार. मग तेवढीच रक्कम खात्यातून काढून मागवणाऱ्या सदस्याच्या एका वेगळ्या, लहान खात्यात भरायची. त्या खात्यात दुसरे पैसे ठेवायचे नाहीत. मजुरीचे, घरकुलाचे, लाडक्या बहिणीचे, काहीही नाही. यूपीआय आणि कार्ड त्याच खात्याला जोडायचे. काही विपरीत घडलेच तर त्या खात्यात जेवढे आहे तेवढेच जाईल, घरचा पैसा शाबूत राहील. बिल गटाच्या नावाने घ्यायचे आणि इतिवृत्ताच्या वहीत चिकटवायचे. पहिल्यांदा एकच चाकू मागवायचा. तो कापून पाहायचा, धार दोन-चार दिवस वापरून पाहायची, मगच उरलेले.

पिन दुसऱ्याला सांगण्याची सवय मात्र अजून मोडलेली नाही. वाचता न येणाऱ्या मावशी दुकानदाराच्या हातात फोन देऊन पिन मोठ्याने सांगतात. चार माणसे ऐकत असतात. अंक ओळखता येत असतील तर पिन स्वतःच टाकायला शिकवावे; एका दुपारचे काम आहे. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर फोनचे बटण-चित्र काढून बायकांकडून सराव करून घेतो, खोट्या अंकांनी. ज्यांना ते जमत नाही त्यांनी रोखीनेच घ्यावे. त्यात कमीपणा नाही. आणि कार्यकर्त्यांनो, आपण स्वतःच्या फोनवरून सगळ्या पाड्याची खरेदी करून देऊ नये. एका वेळी सोपे वाटते, पण मग वस्तू खराब निघाली की उत्तर आपल्याला द्यावे लागते आणि शिकायचे ते कोणीच शिकत नाही.

शहरातून आपल्यापैकी काही जण गावच्या रोपवाटिकेला भेट म्हणून चाकू आणि कात्र्या परस्पर पाठवतात. त्यांना विनंती आहे की पैसे आधीच भरलेले असावेत, पार्सलवर रोख बाकी ठेवू नये. मागणी आपल्या नावच्या खात्यातून झालेली असते, त्यामुळे परत करण्याचा हक्कही आपल्यालाच असतो आणि त्याची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते. पार्सल पोहोचताच गावातून फोटो मागवून घ्यावा. चाकू खराब आहे हे आम्हाला कलमाच्या दिवसांत कळले तर तोवर मुदत संपलेली असते.

एवढे करूनही पैसे गेले तर काय? पहिली गोष्ट, लाजेने गप्प बसू नये. १९३० हा सरकारी मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन जाईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. फोन करताना आपले बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवावा. तो यूपीआयच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवले की दिसतो. त्याच दिवशी आपल्या बँकेलाही कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

इथे एक भेद समजून घ्यायला हवा, कारण त्यावर पुष्कळ आशा-निराशा अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, आपली किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थाने आपल्या खात्यातून परस्पर पैसे काढले आणि आपण बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर आपल्यावर काहीच भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यावर जास्तीत जास्त ५,००० रुपयांचा भार येतो. पण आपणच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. आणि आपण स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून ठकाला चाकूचे पैसे दिले असतील, तर बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार आपणच केलेला असतो. त्या मुलाला बँकेतून परत पाठवले ते याच कारणाने. त्याच्यासाठी वाट १९३० चीच होती, आणि ती पहिल्या दिवशी धरायला हवी होती.

दुकान खरे आहे पण चाकू खराब दिला, पैसे परत करत नाही, असे असेल तर ही फसवणुकीची नव्हे, ग्राहकाची तक्रार आहे. आधी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. नियमानुसार त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचे कळवायचे आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. बँकेनेच ऐकले नाही आणि तीस दिवस उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

वरचे तिन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही गटांच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवले आहेत. कोणत्या गटाला ते पान हवे असेल तर पुढच्या मासिक बैठकीत सांगावे, प्रती तयार आहेत. कलमाच्या चाकूंची मागणी या वर्षी १५ मेच्या आतच नोंदवावी, म्हणजे वस्तू परत करायची वेळ आली तरी पावसाआधी दुसरी येईल.